दहाच्या दहा वेगळी

४ फेब्रुवारी

चिमणे,

कात्रीबद्दल लिहिते आहे, उगाच दुसरं काही मनात आणू नकोस. कपाटाचा तळ आवरताना तुझी शिवणाची कात्री सापडली. काळ्या मुठीची, जिच्यानं मी एकदा पुठ्ठा कापला म्हणून तू दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होतास. आता आपल्या अबोल्याला अकरा वर्षं झाली, तेव्हा त्या दोन दिवसांचं काय घेऊन बसायचं. पार्सलनं पाठवते आहे. पोचली की दोन ओळी टाक. नाही टाकल्यास तरी चालेल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. चालणार नाही.

मी अजून त्याच इस्पितळात, त्याच खोलीत आहे. खिडकीतून बॉयलरची चिमणी दिसते आणि दार नीट लागत नाही. डोक्याला मार बसलेली, झटका येऊन गेलेली, विसरायला लागलेली माणसं माझ्यासमोर येतात. मेंदूतलं काय शाबूत आहे आणि काय गेलं ते बघून मी कागद लिहिते आणि त्या कागदावर त्यांचं पुढचं ठरतं. कामावर जायचं की नाही, गाडी चालवायची की नाही, एकट्यानं राहायचं की नाही. आकडे उलटे म्हणायला लावते, घड्याळ काढायला लावते, ठोकळे जुळवायला लावते, आणि शेवटी शाईच्या डागांची ती दहा कार्डं. शिकत होते तेव्हा तुझ्यावर सराव केला होता, आठवतं? प्रत्येक डागात खायची वस्तू सांगून तू माझा जीव खाल्ला होतास.

आमचे विभागप्रमुख साहेब म्हणतात, बाई, मेंदूच्या तपासणीत हे डाग कशाला, जुनं खूळ आहे. मी म्हणते, डागात वटवाघूळ दिसो नाहीतर दाढीचा ब्रश, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. मी बघते ते माणूस एका कार्डावरून दुसऱ्यावर कसा सरकतो. धड मेंदू कार्ड बदललं की नवं काहीतरी शोधतो. बिघडलेला अडकतो. पहिल्या कार्डाला जे सांगितलं तेच दहाव्यालाही सांगतो, आणि त्याचा त्याला पत्ताच नसतो. साहेब मान डोलावतात आणि आपलंच खरं करतात. आता त्यांनी प्रत्येक तपासणीचा आवाज रेकॉर्ड करायचं फर्मान काढलं आहे. टेबलावर एक काळी डबी आणून ठेवली आहे. मी तिच्यावर रुमाल टाकून ठेवते.

बाकी ठीक. आमच्या फाटकाचा खांब कुणीतरी आत सरकवल्यासारखा वाटतो. दोनदा गाडी घासली. घरमालकाला विचारायला हवं.

तुझी
ताई


१९ फेब्रुवारी

चिमणे,

तुझ्याकडून काही आलं नाही. ठीक आहे. तरीही लिहिते, कारण हे सांगण्यासारखं दुसरं माणूस मला नाही.

सहावं कार्ड करडं आहे. त्यात लोक बहुतेक जनावराचं कातडं सांगतात. गेल्या सोमवारी एका निवृत्त गायनशिक्षिकेनं त्यात भलतंच काही सांगितलं. काय ते आत्ता लिहीत नाही. भलतं उत्तर यायला माझी ना नसते. पण गुरुवारी एका बेकरीवाल्यानं तेच सांगितलं, आणि शुक्रवारी एका क्रेन चालवणाऱ्यानंही तेच. शब्दसुद्धा तेच.

आधी लक्षात आलं ते आमच्या टंकलेखिकेच्या. माझे हातानं लिहिलेले कागद ती टाइप करते. तीस वर्षं एका खोलीशेजारच्या खोलीत काढल्यामुळे तिला माझी भीडभाड उरलेली नाही. म्हणाली, "काय हो बाई, हल्ली सगळ्यांना एकच दिसतं वाटतं? मी एकदाच टाइप करून ठेवते, नुसती नावं बदलत जाऊ." मी हसले. ती गेल्यावर तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले आणि ओळीला ओळ लावून बघितली.

मग दाराची आठवण झाली. ते लागत नाही, त्यामुळे बाहेरच्या बाकावर बसलेल्याला आतला शब्द न् शब्द ऐकू जातो. रजिस्टर काढून बघितलं. तिघंही पहिल्या भेटीला एकाच सकाळी त्या बाकावर होते. म्हणजे आपसांत बोलले असणार, एकमेकांचं ऐकून पाठ केलं असणार, शाळेतली पोरं करतात तसं. तडक शिपायाला बोलावून बाक पार जिन्यापाशी नेऊन ठेवायला लावला.

क्रेनवाल्याचं वाईट वाटलं. दाराच्या चौकटीत मावणार नाही असा माणूस. तीन महिन्यांपूर्वी शिडीवरून पडून डोकं आपटलं. आल्या आल्या विचारतो, "बाई, यात पास-नापास असतं का हो?" बायको बाहेर त्याची टोपी मांडीवर घेऊन बसली होती. त्याला क्रेनवर परत जायचं आहे, दुसरं काही येत नाही म्हणतो. पण सहाव्या कार्डानंतर तो अडकला. सातव्याला तेच, आठव्याला तेच, थेट दहाव्यापर्यंत तेच. मी लिहून दिलं: उंचीवरचं काम देऊ नये. असं लिहिताना हात जड होतो, पण खाली माणसं चालत असतात.

जाता जाता एक. कपाट आवरताना तुझी शिवणाची कात्री सापडली, काळ्या मुठीची. पाठवते आहे. टंकलेखिकेचीही कात्री हरवली आहे, दिवसभर माझ्या टेबलाखाली डोकं घालून शोधत होती. हल्ली कात्र्यांना पाय फुटले आहेत.

ताई


११ मार्च

चिमणे,

तुझं पोस्टकार्ड आलं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि उभ्या उभ्या रडले. मग वाचलं.

"कात्री मिळाली. पंधरा दिवसांनी आणखी एक मिळाली, ती माझी नाही. दोनदा का पाठवलीस?"

पोस्टातल्या लोकांनी काहीतरी घोळ घातला असेल. पोस्टातली माणसं आपल्या पदरची कात्री घालून पार्सल पाठवत नाहीत हे मलाही कळतं. पण सध्या मला दुसऱ्याच गोष्टीनं घेरलं आहे, तेव्हा कात्री राहू दे.

बाक हलवून काही उपयोग झाला नाही. काल एक बाई आली, दुसऱ्या गावाहून थेट गाडीतून उतरून माझ्या खोलीत, बाकाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. तिनंही तेच सांगितलं. सहाव्याला, आणि मग चौथं पुन्हा दाखवलं तर चौथ्यालाही. आता तुला सांगते काय ते.

पाण्यातून ओढून काढलेली मोटार. उलटी. चाकं वर, चाकांना शेवाळ.

आपण दोघी कालव्याच्या काठावर उभ्या होतो. क्रेनची साखळी करकरत होती आणि तू माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतंस की नंतर आठ दिवस वळ राहिले. बाबा चालवत होते, शेजारी तुझे मास्तर. मी मास्तरांना जावईबापू म्हणून चिडवायची आणि ते खरंच लाजायचे. त्या दिवशी ते नुसते सोबत गेले होते, बाबांना कंटाळा येऊ नये म्हणून. मास्तर जागीच गेले, बाबा आठ दिवसांनी. हे तुला सांगायला नको, पण मी हे अकरा वर्षांत एकदाही कागदावर लिहिलेलं नाही.

आता मला सांग, एका गायनशिक्षिकेला, एका बेकरीवाल्याला, परगावच्या बाईला आपली मोटार कशी दिसेल? चाकांचं शेवाळ कसं दिसेल? ते फक्त तुला आणि मला ठाऊक आहे. मला भीती वाटते आहे, चिमणे. सकाळी खोलीचं कुलूप काढण्याआधी जिन्याकडे दोनदा बघते. रोज वाटतं आज दार उघडून कुणीतरी आत येईल, कार्डाकडे बघणारही नाही, आणि मास्तरांचं नाव घेईल.

खरं सांग, यामागे तू तर नाहीस ना? तू कुणाला सांगून माझ्याकडे पाठवत तर नाहीस ना?

हे वाक्य खोडायला हवं होतं. राहू दे. मी असा विचार करते हेही तुला कळू दे.

ताई


२४ मार्च

चिमणे,

यामागे तू नव्हतीस. माफ कर.

क्रेनवाल्याच्या बायकोनं तक्रार केली. साहेबांपुढे तिचं म्हणणं असं की नवऱ्यानं दहा कार्डांना वेगवेगळं सांगितलं, ते मी दाराबाहेर बसून माझ्या कानांनी ऐकलं, आणि बाईंनी लिहिलं की तो एकच बोलत राहिला. मी म्हटलं, नवऱ्यासाठी बायको बोलणारच. साहेबांनी रजिस्टरमध्ये त्या दिवसाची तारीख शोधली. त्यांनी काळी डबी मागवली.

ते, मी आणि टंकलेखिका असे तिघं बसून ऐकत होतो. माझा हातानं लिहिलेला कागद समोर होता.

पहिली पाच उत्तरं माझ्या कागदाशी जुळली. सहाव्याला क्रेनवाल्याचा आवाज आला. "ही आमची बायको इस्त्री करतेय बघा." मग, "हे दोन म्हातारे, टोप्या उडवतायत." मग तो स्वतःच हसतो आणि म्हणतो, "हे कोंबडीच्या मानेसारखं आहे, लिहू नका हं बाई." दहाच्या दहा वेगळी. एकाहून एक जिवंत. इतका धड मेंदू महिन्यात एखादा दिसतो.

आणि सहाव्यापासून प्रत्येक उत्तरानंतर दुसरा एक आवाज येत होता. हळू, लिहिता लिहिता माणूस स्वतःशी पुटपुटतो तसा. "हं. मोटार. चाकं वर." तो इस्त्री म्हणाला की हा आवाज म्हणायचा, मोटार, चाकं वर. तो टोप्या म्हणाला की पुन्हा, मोटार, चाकं वर. मी साहेबांना विचारलं, ही कोण बाई बोलतेय? टंकलेखिकेनं माझ्या हातावर हात ठेवला, तेव्हा मला कळलं.

मग बाकीच्यांचेही आवाज लावले. गायनशिक्षिकेनं कातडं सांगितलं होतं. बेकरीवाल्यानंही कातडंच. कुणालाही मोटार दिसली नव्हती. मलाच दिसत होती, आणि मी ती ज्याच्या त्याच्या नावावर लिहीत होते.

क्रेनवाल्याचा कागद परत घेतला आहे, त्याला दुसरीकडे नव्यानं तपासतील. तो मधले पाच आठवडे घरी बसून होता. बायकोला म्हणायचा म्हणे, मी येडा झालो असेन तर तू मला सांगशील ना गं? हे मला साहेबांनी सांगितलं, आवाज न चढवता. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

मला रजा दिली आहे, आणि माझी स्वतःची तपासणी करून घ्यायला सांगितलं आहे. टंकलेखिका जिन्यापर्यंत पोचवायला आली. तिची कात्री तुझ्याकडे आहे, ती पाठवून दे.

येताना रस्ता चुकले. नेहमीचं उजवं वळण घेतलं, आणि लगेच पुन्हा उजवं घेतलं. एका गोदामाच्या आवारात जाऊन थांबले. तिथला रखवालदार म्हणाला, मावशी, इथे रस्ता नाही. थांबले म्हणून बरं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

ताई


२ एप्रिल

चिमणे,

सोबतचे दोन कागद आधी वाचू नकोस. हे पत्र आधी वाच.

अकरा वर्षांपूर्वी कालव्यावरून परत आल्यावर तू मला विचारलं होतंस, तू तपासलं होतंस ना त्यांना? तूच गाडी चालवायला हरकत नाही म्हणून लिहून दिलं होतंस ना? मी म्हटलं होतं, तपासणीत सगळंच कळतं असं नाही. तू म्हणालीस, तू निष्काळजी आहेस. त्यानंतर आपण बोललो नाही.

निष्काळजी म्हणवून घेणं मला सोयीचं होतं, म्हणून मी ते मुकाट्यानं सोसलं. खरं त्याहून वाईट आहे.

आमच्या कामात एक नियम आहे, आपल्या माणसाला आपण तपासायचं नाही. बाबांनी ऐकलं नाही. परक्या माणसापुढे मी नाही बसणार म्हणाले. मी एका सुटीच्या सकाळी त्यांना खोलीत घेऊन गेले. या कार्डांना समोरासमोर बसत नाहीत, शेजारी बसतात, म्हणजे माणूस आपल्या चेहऱ्याकडे बघत नाही. मी बाबांच्या शेजारी बसले. पहिल्या कार्डाला ते म्हणाले, फुलपाखरू. दुसऱ्याला, फुलपाखरू. तिसऱ्याला मी थोडी थांबले, अजून काही दिसतं का बाबा? ते खूप वेळ बघत राहिले आणि खुशीत येऊन म्हणाले, फुलपाखरू! दहाव्यापर्यंत मी दहा वेळा तो शब्द लिहिला.

बाहेर बाकावर बसून बूट घालताना त्यांनी विचारलं, "काय पोरी, दहाच्या दहा वेगळी सांगितली की नाही?"

मी म्हटलं, "हो बाबा, सांगितलीत."

मग ते म्हणाले, "गाडी काढून घेऊ नकोस हं माझी. गाडी गेली की मी नुसता खुर्चीत बसलेला म्हातारा." तू त्यांना तसं बोलताना कधी ऐकलं नाहीस. ते कुणाकडे काही मागायचे नाहीत.

दुपारी मी एक नवा कोरा कागद घेतला. त्यावर बाबांचं नाव घातलं आणि खाली दहा उत्तरं लिहिली. वटवाघूळ, दोन माणसं, कातडं, खेकडे, सगळी धड माणसाची उत्तरं. माझी उत्तरं. माझे डोळे, त्यांचं नाव. त्याखाली लिहिलं, वयाच्या मानानं उत्तम, वाहन चालवण्यास हरकत नाही, आणि सही केली. सात आठवड्यांनी त्यांनी कालव्याच्या रस्त्यावर उजवं वळण घेतलं, ते बरोबर होतं. शंभर पावलांवर तेच वळण पुन्हा घेतलं. तिथे रस्ता नव्हता. मास्तर शेजारी बसले होते.

मला माहीत होतं, चिमणे. चुकून राहिलं नाही. मला दिसलं होतं आणि मी ते झाकलं. बाबांना दुखवायची हिंमत नव्हती म्हणून मी तुझा नवरा दिला.

पहिला कागद, दहा फुलपाखरांचा, मी फाडू शकले नाही. कार्डांच्या पेटीच्या तळाशी ठेवला होता, रोज त्याच्यावरूनच कार्डं काढत होते. तो आणि दुसरा, दोन्ही पाठवते आहे. तुला ते कुणाला दाखवायचे असतील तर दाखव. मी आडवी येणार नाही.

तेव्हा मी ठरवून दुसऱ्याच्या कागदावर माझं पाहणं लिहिलं. आता हात न विचारता तेच करतो. मेंदूतल्या कुठल्या भागाची गडबड असते ते मी शिकवत आले आहे, त्यामुळे यात देवाची शिक्षा वगैरे काही नाही हे मला कळतं. तरी सकाळी चहा करताना मी ओट्याला धरून उभी राहते.

ताई


९ एप्रिल

चिमणे,

सोळा तारखेला सकाळी दहा वाजता तपासणी आहे. बाहेरच्या इस्पितळातली एक परीक्षक येणार आहे, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. साहेबांनी विचारलं, डाग वगळूया ना बाई? मी म्हटलं, डागांशिवाय मी बसणारच नाही. नुसती फुशारकी, दुसरं काय.

खरं कारण तुला सांगते. आकड्यांत आणि ठोकळ्यांत मी काय दिवे लावीन ते माझं मला ठाऊक नाही. पण ती दहा कार्डं मला तोंडपाठ आहेत. कुठल्या कार्डाला धड माणूस काय म्हणतो, किती वेळानं म्हणतो, कुठे कार्ड फिरवतो, सगळं. मी डोळे मिटून पास होईन. मग निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं खोली राहील, पेटी राहील, गाडी राहील. असं करायचं नाही असं मी ठरवलं आहे. जे दिसेल तेच सांगायचं. पण मी काय काय ठरवते आणि पुढे काय होतं ते तू आता वाचलंच आहेस.

फॉर्मवर एक रकाना असतो, सोबत येणारे नातेवाईक. परीक्षक त्यांना वेगळं बसवून विचारते, घरी कसं वागणं आहे, काय बदल दिसला. मी आयुष्यभर तो रकाना दुसऱ्यांकडून भरून घेतला. बाबांच्या वेळी मी तुला विचारलं नव्हतं, तो रकाना कोराच सोडला होता. आता तिथे तुझं नाव घातलं आहे. दुसरं कुणाचं घालू?

तू गप्प आहेस, त्यात तुझं काही चुकत नाही. आली नाहीस तर मी समजून घेईन. सोळा तारीख, दहा वाजता.

ताई


२७ एप्रिल

चिमणे,

तू आलीस. मी जिन्यावरून वळले आणि बघितलं तर तू माझ्या दाराबाहेर टंकलेखिकेनं आणून दिलेल्या खुर्चीवर बसली होतीस, मांडीवर पर्स, केस पांढरे. मी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात परीक्षकेनं आत बोलावलं.

आत माझीच खोली, पण मी दुसऱ्या खुर्चीत. आकडे, घड्याळ, ठोकळे झाले. मग तिनं पेटी उघडली. आत काय झालं ते मला आठवतं तसं सांगते. खोटं बोलायचं नाही असं ठरवून गेले होते आणि पहिल्याच कार्डाला ते मोडलं. भीतीनं मोडलं. वटवाघूळ म्हणाले. दुसऱ्याला दोन माणसं. पाचव्याला फुलपाखरू, बाबांची आठवण होऊनसुद्धा. सहाव्याला कातडं, अगदी सहज. एकदा कार्ड फिरवलं, एकदा मुद्दाम जरा थांबले. मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत होते. वाईट वाटत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं.

बाहेर आले. तू उठून उभी राहिलीस. तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, इतक्या वर्षांनी मला बघून. मी तुझ्या कानाशी येऊन म्हटलं, "दहाच्या दहा वेगळी सांगितली गं."

तू माझ्या खांद्यावरून घसरलेला पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "हो ताई. सांगितलीस."

अकरा वर्षांत तुझा आवाज ऐकला नव्हता. माझं मन इतकं भरून आलं की मला दुसरं काही सुचलंच नाही. परीक्षकेनं तुला आत घेतलं. तू बाहेर आलीस तेव्हा माझ्याशी न बोलता निघून गेलीस. मला वाटलं, घाईत असशील.

काल परीक्षकेनं अहवाल हातात दिला. मी म्हटलं, मी या धंद्यातली आहे, मला मूळ कागद दाखवा. तिनं आधी नको म्हटलं, मग दाखवला. सुरेख, सावकाश अक्षर. एक ते दहा आकडे, आणि दहा ओळी. प्रत्येक ओळीत, मोटार, चाकं वर. मी म्हटलं, तुम्हालाही झालंय का हे? तिनं काळी डबी लावली. दोन मिनिटं ऐकली आणि बंद करायला सांगितली.

मी लबाडी केली होती, चिमणे. मला अजून आठवतं, मी वटवाघूळ म्हणाले. आताही डोळे मिटले की माझं मलाच ऐकू येतं. ते मी म्हणालेच नाही.

त्या दाराची दुरुस्ती मी कधी करून घेतली नाही. तू बाहेर बसून दहाही वेळा ऐकलंस. आणि तरी म्हणालीस, हो ताई.

मग मी नातेवाइकाचा रकाना वाचला. दोन कात्र्या लिहिल्या आहेत. गोदाम लिहिलं आहे. फाटकाचा खांब लिहिला आहे, तो मी पहिल्या पत्रात असाच जाता जाता लिहिला होता. आणि शेवटी, "तिला गाडी चालवू देऊ नका. तिनं कितीही गोड बोलून विचारलं तरी देऊ नका." खाली तुझी सही, पहिल्यासारखीच तिरपी.

त्या दाराबाहेर मीही खोटं बोलले होते आणि तूही बोललीस. पण मी नंतर कागदावरही खोटं लिहिलं, तू खरं लिहिलंस. मला त्या दुपारी हे जमलं असतं तर मास्तर आज तुझ्याशी भांडत बसले असते. तुझं हे माझ्यावर प्रेम आहे की राग, हे मी विचारत नाही. दोन्ही असेल तरी मला चालेल, आणि या वेळी पद्धत म्हणून लिहीत नाही.

पेटी मी साहेबांकडे दिली. बाबांचे कागद तुझ्याकडेच असू देत.

गाडीची किल्ली या पाकिटात आहे, जाड लागेल म्हणून दुहेरी कागदात गुंडाळली आहे. पण चिमणे, किल्ल्या दोन होत्या. दुसरी कुठे ठेवली ते मला आठवत नाही. सगळे खण उपसून झाले. तू ये आणि घर धुंडाळ, कपाटाचा तळसुद्धा बघ. मला सापडली तर मी तुला कळवीन, असं मी आत्ता मनापासून लिहिते आहे. त्यावर विसंबू नकोस. लवकर ये.

ताई